जंगलाची आणेवारी



बांधावरचा साग विकताना काय होते ते तुमच्यापैकी पुष्कळांनी भोगले आहे. व्यापारी येतो. झाडाखाली उभा राहून वर पाहतो, खोडाला मिठी मारतो, दोन-चार झाडांवर थाप मारतो आणि गुत्त्याने एक आकडा सांगतो. परवाना आमच्याकडे, तोड आमच्याकडे, गाडी आमची, तुम्ही फक्त सही करा. घरात लग्न निघालेले असते, नाहीतर सोसायटीचे थकलेले असते. सही होते.

माझ्या वडिलांनी असेच चौदा साग विकले. मी तेव्हा कृषी महाविद्यालयात होतो. सुट्टीत घरी आलो तर ओंडके बांधाला पडलेले आणि व्यापाऱ्याचा मुनीम वाहतूक परवान्यासाठी वहीत माप मांडत बसलेला. नव्या विद्येची खुमखुमी होती, मीही टेप घेऊन बसलो. त्याचा आकडा माझ्या आकड्याशी जुळेना. प्रत्येक ओंडक्याला पाचव्या हिश्श्याने कमी. मुनीम हसला. म्हणाला, "हे चौथाई घेराचं माप आहे भाऊ, तुमच्या कॉलेजात नसंल." ओंडक्याचा घेर घ्यायचा, त्याची चौथाई करायची, तिचा वर्ग करून लांबीने गुणायचे. चार फूट घेर आणि सोळा फूट लांबी असेल तर माप आले सोळा घनफूट. भूमितीने तोच ओंडका वीस घनफुटांच्या वर भरतो. शंभरातले साडेएकवीस मापातच गेले. इंग्रजांच्या लाकूड बाजारातून आलेली ही चाल आहे. सालीची आणि चिरकामात वाया जाणाऱ्या लाकडाची सूट, असे तिचे समर्थन करतात. व्यापारी आपला दर हे धरूनच ठरवतो. त्यात चोरी आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याला दोन्ही मापे ठाऊक होती आणि माझ्या वडिलांना एकही ठाऊक नव्हते. सौदा तिथेच संपला होता.

कापसाच्या काट्यावरची कटती, ओलाव्याच्या नावाने कापलेले किलो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण काट्यावर निदान काटा असतो. उभ्या पिकाला आणि उभ्या झाडाला काटा नाही, तिथे नजर चालते. आपली आणेवारी वर्षानुवर्षे अशीच निघाली. रस्त्याच्या कडेचे चार हिरवे धुरे पाहून गावाची पैसेवारी पन्नासच्या वर लागलेली मी स्वतः पाहिली आहे. दुष्काळ जाहीर करण्याचे निकष २०१६ च्या नियमावलीने बदलले, पण नजर पाहणीची सवय इतक्यात जायची नाही.

जंगलाचे तर विचारूच नका. डोंगरातल्या जंगलात लाकूड किती, गवत किती, कोणत्या उतारावरची माती सुटली आहे, याचा हिशेब नमुन्याचे काही तुकडे मोजून आणि उरलेले अंदाजाने भरून केला जातो. जगभर शंभर वर्षे हेच चालले. खड्या चढणीवर टेप आणि काठी घेऊन जायला कोण तयार असतो? जिथे पाय पोचत नाही तिथला आकडा टेबलावर तयार होतो.

आता ही मोजणी विमानातून करता येते, लेझरने. तिला लायडार म्हणतात. ती समजायला अवघड नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विमानाच्या पोटाला लेझरचे यंत्र बसवतात. ते सेकंदाला लाखो वेळा प्रकाशाचा ठोका खाली मारते आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजते. एक किलोमीटर उंचीवरून प्रकाश खाली जाऊन परत यायला सेकंदाचा दीड लाखावा भाग लागतो. इतका बारीक वेळ मोजणारे घड्याळ यंत्रात असते. विमान नेमके कुठे आहे आणि किती कलले आहे हे उपग्रहावरून व दुसऱ्या एका उपकरणाने त्याच क्षणी नोंदवले जाते. झाले, प्रत्येक ठोक्याला खाली एक ठिपका मिळाला, त्याची जागा आणि उंची ठरली.

खरी गंमत पुढे आहे. झाडावर पडलेला ठोका सगळा शेंड्यावरून परतत नाही. थोडा शेंड्यावरून परततो, थोडा मधल्या फांदीवरून, आणि पानांच्या फटींतून शिरलेला थोडा जमिनीवरून. पहिला परतलेला ठिपका शेंड्याचा, शेवटचा बहुधा जमिनीचा. वरच्यातून खालचा वजा केला की झाडाची उंची हाती आली. सगळ्या जमिनीचे ठिपके वेगळे काढले की झाडे उचलून बाजूला ठेवल्यासारखा उघडा डोंगर दिसतो. त्यात नाला, घळ, जुनी गाडीवाट, कोसळलेला कडा, दगडी बांध सारे दिसते. पानगळीच्या जंगलावर पाने झडल्यावर उडाले तर जमीन अधिक स्पष्ट येते. आपल्या सागाच्या डोंगरांना त्या दृष्टीने उन्हाळा सोयीचा.

एवढ्याने लाकूड मोजून होत नाही, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर उद्या कोणी कंपनीवाला येऊन विमान सगळे सांगते म्हणेल आणि तुम्ही मान डोलवाल. लेझरला उंची कळते, खोडाचा घेर नीट कळत नाही, झाडाची जात कळत नाही, आतून पोखरलेले खोड तर मुळीच कळत नाही. म्हणून जंगलात जागोजाग नमुन्याचे तुकडे आखून माणसे जातात, छातीच्या उंचीवर खोडे मोजतात. त्या मापांशी वरच्या ठिपक्यांची सांगड घालून मग सगळ्या जंगलाचा हिशेब काढतात. असे नीट केले तर एका पट्ट्यातल्या लाकडाचा आकडा दहा ते वीस टक्क्यांच्या चुकीने सापडतो. खड्या उतारावर आणखी एक खोट निघते. झाडाचा विस्तार उताराच्या खालच्या बाजूला झुकलेला असतो, मग शेंड्याचा ठिपका बुंध्याखालच्या जमिनीवरून न मोजता खालच्या अंगाच्या जमिनीवरून मोजला जातो, आणि झाड आहे त्यापेक्षा उंच दिसते. जाणकार माणूस ती दुरुस्त करतो. नवशिक्याच्या हातात डोंगरातले जंगल कागदावर वाढते.

हे सगळे कुठे झाले आहे? युरोपात आल्प्स नावाचा डोंगर आहे, त्याच्या पूर्व टोकाला स्लोव्हेनिया हा देश आहे. १९९१ साली युगोस्लाव्हियातून फुटून स्वतंत्र झाला. आपले यवतमाळ आणि वर्धा हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढे होईल तेवढा, लोकसंख्या एकवीस लाखांच्या घरात. निम्म्याहून जास्त जमिनीवर जंगल आणि ते बहुतेक डोंगरात. ऐकून नवल वाटेल, पण त्यातले तीन-चतुर्थांश जंगल सरकारचे नाही, खाजगी मालकीचे आहे. मालक लाखांनी मोजावे लागतील इतके, आणि एकेकाची सरासरी मालकी तीन हेक्टरांच्या आतबाहेर. सात एकर! तीही चार ठिकाणी तुकड्यांत, भावकीत वाटली गेलेली. आपल्या सातबाऱ्याची आठवण यावी असे हे जंगल आहे. फरक इतकाच की तिथे सातबाऱ्यावर कपाशी नाही, बीच आणि स्प्रूसची झाडे आहेत.

१९९३ च्या वन कायद्याने तिथे अशी व्यवस्था केली की कोणते झाड तोडायचे ते वन सेवेचा माणूस मालकाबरोबर जंगलात जाऊन ठरवतो आणि झाडावर खूण करतो. जंगल सरसकट साफ करायची मुभा नाही. माझ्यासारख्याला ही परवानगीची भानगड आवडत नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. स्वतःच्या झाडाला दुसऱ्याची खूण कशाला? पण एक गोष्ट मानावी लागते. खूण करणारा माणूस मालकासमोर उभा असतो आणि मोजलेले झाड मालकाच्या डोळ्यांसमोर मोजले जाते. आपल्याकडे मालकी झाडाची परवानगी काढताना किती हेलपाटे पडतात आणि मोजणीच्या वेळी मालकाला कोण विचारतो, ते तुम्हीच आठवा.

या देशाने २०११ ते २०१५ या काळात आपली सगळी भूमी विमानातून लेझरने मोजली. बहुतेक भागात चौरस मीटरमागे पाच ठिपके, मोठ्या जंगलांवर आणि उंच डोंगरांवर दोन. आणि पुढे जे केले ते आपल्याकडच्या साहेबांना पचणार नाही. सगळे ठिपके लोकांसाठी फुकट खुले केले. शाळेतला पोरगा, लाकडाचा व्यापारी, सात एकर जंगलाचा मालक, सगळ्यांना एकच माहिती, एकाच दिवशी. २०२३ पासून तिथे मोजणीची दुसरी फेरी सुरू झाली. दोन फेऱ्यांची वजाबाकी केली की कोणत्या उतारावर जंगल किती वाढले आणि कुठे कोसळले ते कळते. बँकेच्या पासबुकासारखे आहे हे, एक नोंद असून चालत नाही, दुसरी नोंद लागते.

याची गरज काय ते त्याच काळातल्या एका आपत्तीने दाखवले. २०१४ च्या जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्लोव्हेनियात बर्फाळ पाऊस पडला. पाऊस पाण्याचा, पण फांदीला लागला की जागच्या जागी गोठणारा. फांद्यांवर बर्फाचे जाड कवच चढले, त्या वजनाने झाडे मोडली, मुळासकट उलथली. देशातल्या निम्म्या जंगलाला इजा झाली, नव्वद लाख घनमीटरांच्या आसपास लाकूड मोडून पडले. आपल्या मापात तीस कोटी घनफुटांच्या वर. गारपिटीने हरभरा झोपावा तसे डोंगर झोपले.

आणि पडलेले लाकूड नुसते पडून राहत नाही. स्प्रूसच्या सालीखाली पोखरणारा एक भुंगेरा असतो. मोडलेल्या झाडात तो वाढतो, ऊन तापले की उडतो आणि शेजारच्या उभ्या, धडधाकट झाडांवर बसतो. कपाशीवाल्याला हे समजवायला नको. फरदड ठेवली, पऱ्हाटी शेतात राहिली की गुलाबी बोंडअळीचे काय होते? तसेच. भुंगेरा उडायच्या आत पडलेली झाडे बाहेर ओढली पाहिजेत. पण डोंगरात, तुटलेल्या वाटांवरून, कोणाच्या कोणत्या तुकड्यात किती पडले आहे ते कळल्याशिवाय ओढणार कुठून आणि कोणत्या रस्त्याने? स्लोव्हेनियात पुढची काही वर्षे स्प्रूसची जी तोड झाली ती बरीचशी या भुंगेऱ्यापायी झाली. मालकाच्या मर्जीने नव्हे, सक्तीने.

सक्तीची विक्री म्हणजे काय हे दिवाळीच्या तोंडावर कापूस विकणाऱ्याला ठाऊक आहे. स्लोव्हेनियाच्या शेजारी इटली आहे. तिथे ईशान्येच्या डोंगरांत २०१८ च्या ऑक्टोबर अखेरीस वाया नावाचे वादळ आले आणि एका रात्रीत ऐंशी लाख घनमीटरांहून जास्त लाकूड आडवे केले. सगळ्यांचे लाकूड एकदम बाजारात आले आणि भाव पडला. अशा वेळी ज्याला आपल्याकडे किती पडले, किती उभे आहे, रस्ता कुठून आहे हे ठाऊक असते तो दोन गिऱ्हाइकांशी बोलू शकतो. बाकीचे व्यापारी म्हणेल त्या आकड्यावर सही करतात. आमच्या चौदा सागांसारखी.

स्लोव्हेनियातले पुष्कळ लाकूड बिनकापता, ओंडक्याच्या ओंडके ऑस्ट्रियाच्या आणि इटलीच्या गिरण्यांना जाते. तिथले शहाणे त्यावर डोळे गाळतात, कच्चा माल बाहेर चालला, रोजगार बुडाला. ऐकल्यासारखे वाटते ना? मार्च २०१२ मध्ये आपल्या सरकारने कापसाची निर्यात बंद केली तेव्हाही अशीच भाषा होती, आणि फटका कोणाला बसला ते आपण पाहिले. लाकूड परदेशी गेले याचे दुःख मला नाही. मालकाला आपल्या उभ्या मालाचे माप ठाऊक असावे आणि गिऱ्हाईक निवडायची मोकळीक असावी. मग गिरणी कुठल्या देशात आहे हे त्याचे तो पाहील.

याच डोंगरांत जंगल राखायचे दुसरे कारणही फार जुने आहे. स्वित्झर्लंडमध्ये आंडरमाट नावाचे गाव आहे. गावावरच्या जंगलाला हात लावायचा नाही असा लेखी ठराव तिथल्या लोकांनी १३९७ साली केला, कारण ते जंगल वरून येणारा बर्फाचा कडा अडवत होते. ठराव राजाचा नव्हता, गावाचा होता. पुढे १८६८ च्या पुरांनंतर १८७६ मध्ये देशाने डोंगरी जंगलाचा कायदा केला. आता कोणत्या उतारावरचे झाड दगड अडवते, कुठे झाडी विरळ झाली, कुठे नवी रोपे हवीत, हे ठरवायला तिथे लेझरचा उपयोग करतात. आणि २०२१ च्या मार्चपासून त्या देशानेही आपले ठिपके सर्वांना मोफत दिले आहेत.

एका बैठकीत मी हे सांगत होतो. मागून एक आबा उठले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या कपाशीले भाव नाही, अन् तुम्ही इमानातून जंगल मोजाले निघाले!" सगळे हसले, मीही हसलो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्या बैठकीत मला नीट देता आले नाही, म्हणून हा लेख.

आबा, तुमची विहीर सातपुड्याच्या पायथ्याला आहे. तिचे पाणी वरच्या डोंगरातून येते. वरच्या घळींत पाणी थांबले तर हरभऱ्याला एक पाणी मिळते, नाही थांबले तर मिळत नाही. माथा ते पायथा असे आपण पाणलोटाच्या सभांमध्ये पंचवीस वर्षे म्हणतो, पण माथ्याला वनखाते असते आणि पायथ्याला आपण. माथ्यावर कोणत्या घळीत काय आहे ते आपल्याला कोणी दाखवत नाही. तुमच्या भागात ज्वारी का सुटली? भावाने सुटली हे खरे. पण पाखरे, रानडुकरे आणि रोही यांनीही सोडवली. रात्री जागल करायला पोरगा मिळत नाही आणि एका रात्रीत कळप एकर सपाट करतो. जंगलात पाणी आणि गवत नाही म्हणून ती खाली येतात, असे सरकारच म्हणते. हे मी अंदाजाने बोलत नाही.

जुलै २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने देशातल्या जंगलांच्या लेझर मोजणीचे काम मंजूर केले. वॅपकॉस या सरकारी कंपनीला ते दिले. सव्वीस राज्ये, २,६१,८९७ हेक्टर, खर्च १८ कोटी ३८ लाख रुपये. प्रत्येक राज्यात साधारण दहा हजार हेक्टरांचा एक डोंगरपट्टा निवडायचा, लेझरने जमीन मोजायची आणि कुठे दगडी बंधारा, कुठे गॅबियन, कुठे पाझर तलाव, कुठे शेततळे घालावे याचा सविस्तर अहवाल करायचा. जंगलात पाणी आणि चारा वाढेल आणि माणूस व जनावर यांचा झगडा कमी होईल, असा हेतू सांगितला. २५ जून २०२१ रोजी तेव्हाचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी दहा राज्यांचे अहवाल प्रसिद्ध केले. त्या दहांत महाराष्ट्र आहे, गोवाही आहे.

हिशेब करा. हेक्टरी सातशे रुपये, म्हणजे एकरी दोनशे ऐंशीच्या आसपास. अहवालासकट. कपाशीवर एक चांगली फवारणी करायची तर औषध आणि मजुरी मिळून याहून जास्त लागतात. तेव्हा हे तंत्र गरीब देशाला परवडत नाही असे कोणी सांगितले तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा.

आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांच्या ग्रामपंचायतीत हा अहवाल आला? ग्रामसभेत कोणी वाचून दाखवला? ज्या डोंगराचे पाणी आपल्या विहिरीत उतरते त्या डोंगराचा नकाशा आपल्या पैशाने झाला. तो दिल्लीच्या कपाटात राहिला तर तीही नजर आणेवारीच. फरक एवढाच की ही जरा महागाची नजर आहे.

आदिवासी भावांच्या मनातली भीती वेगळी आहे आणि ती खरी आहे. वरून मोजणारे यंत्र म्हणजे अतिक्रमण शोधणारे यंत्र, उद्या याच ठिपक्यांवर आमची शेती जंगलात दाखवतील. वनहक्काचे दावे उपग्रहाच्या चित्रावरून फेटाळल्याची उदाहरणे आहेत. म्हणून नियम पाठ ठेवा. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांत, बारा-अ या नियमात, स्पष्ट म्हटले आहे की उपग्रहाचे चित्र आणि इतर तंत्रज्ञान हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा तो घेऊ शकत नाही. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये हेच सांगितले. शिवाय हे हत्यार उलट्या बाजूनेही चालते. मघाशी मी म्हणालो की झाडांखालची उघडी जमीन लेझरला दिसते. युरोपात दाट जंगलाखाली जुन्या शेतांच्या पायऱ्या आणि कोळसा पाडायच्या भट्ट्यांचे ओटे असेच सापडले आहेत. ज्या उतारावर आजोबांनी दगडी धुरे घातले आणि नंतर खात्याने जंगल वाढवले, तिथले धुरे चित्रात लपत नाहीत. पण ते दाखवायला चित्र आपल्या हातात पाहिजे. खात्याच्या हातात असलेले चित्र खात्याच्याच बाजूने बोलणार.

सामूहिक वनहक्क मिळालेली गावे आता आहेत. गडचिरोलीत मेंढा लेखाला तो २००९ मध्ये मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये गावाने आपला बांबू आपल्या परवान्यावर विकायला सुरुवात केली. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीरने आपल्या जंगलातली सीताफळे मुंबईपर्यंत नेली. या गावांना आपल्या जंगलाचा आराखडा स्वतः करायचा हक्क आहे. कूप कधी तोडायचा, कुठला उतार राखायचा, चराई कुठे बंद ठेवायची, हे ठरवायला त्यांना माप पाहिजे. बांबूचा ठेकेदार येतो तेव्हा त्याच्या मनात आकडा तयार असतो. ग्रामसभेच्या मनातही असावा.

माप सरकारनेच करावे असे मात्र मला वाटत नाही. नॉर्वेत एरिक नेसेट या प्राध्यापकांनी नव्वदच्या दशकात लेझरने जंगल मोजायच्या पद्धतीवर काम केले आणि २००२ च्या सुमारास तिथे ती प्रत्यक्ष व्यवहारात आली. तिथल्या जंगलमालकांच्या स्वतःच्या सहकारी संस्था आहेत. त्या आपल्या सभासदांच्या जंगलांची मोजणी एकत्र ठरवतात, काही खर्च सरकार उचलते, काही मालक, आणि प्रत्येक मालकाला त्याच्या तुकड्याचा हिशेब हातात मिळतो. आपल्या साखरेच्या सहकाराचा अनुभव घेतलेला माणूस सहकार म्हटले की दचकतो. मीही दचकतो. पण शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या आता जागोजाग आहेत, आणि १५ फेब्रुवारी २०२१ पासून नकाशे व मोजणी यांवरची जुनी परवानग्यांची साखळी देशी लोकांपुरती सरकारने काढून टाकली आहे. चार-पाच ग्रामसभा आणि पायथ्याच्या गावांची एक कंपनी मिळून एका डोंगराची मोजणी मागवू शकतात. एकरी खर्चाचा अंदाज वर दिलाच आहे. छोट्या क्षेत्राला तो वाढेल, विमान एका शेतासाठी उडत नाही, म्हणून गावे एकत्र यायला हवीत.

जनावरांचा प्रश्न यातून सुटेल का? मी तसे आश्वासन देणार नाही. एकदा तुरीची आणि कपाशीच्या कोवळ्या बोंडाची चव लागलेला रोही जंगलात गवत झाले म्हणून परत जाईल, असे शेतात राबलेला कोणी म्हणणार नाही. नुकसानभरपाई आणि डुकरांचा बंदोबस्त यांचे भांडण वेगळे आहे, ते चालूच राहील. पण खाली झुडूप किती दाट आहे तेही लेझरला दिसते, घाणेरीची रानेच्या राने कुठे माजली आणि कळप कुठे दडत असतील याचा अंदाज येतो. पाण्याचे तर सरळ आहे. कोणत्या घळीचे पाणी कुठे उतरते हे उघड्या डोंगराच्या चित्रात एखादा दहावीचा पोरगाही बोटाने दाखवील.

जिल्हा मेळाव्यात या विषयाचा ठराव येईल. त्यात तीन मागण्या आहेत. महाराष्ट्रातल्या डोंगरपट्ट्याचा २०२१ चा अहवाल मराठीत त्या पट्ट्याखालच्या प्रत्येक ग्रामसभेला द्यावा. त्याचे मूळ ठिपके स्लोव्हेनिया आणि स्वित्झर्लंडसारखे सर्वांना खुले करावेत. आणि पुढची कोणतीही जंगल मोजणी होताना नमुन्याचे तुकडे ग्रामसभेने निवडलेल्या माणसांसमोर मोजावेत.

ठरावाची वाट न पाहता माहिती अधिकाराचा अर्ज आताच करता येतो. वनखात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने, आपल्या तालुक्यातले कोणते वनक्षेत्र या मोजणीत आले आणि त्याच्या अहवालाची प्रत, एवढेच मागायचे. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, हा राज्याचा नियम आहे. लांबण लावली की अर्ज परत येतो. नमुना मेळाव्यात दाराजवळच्या टेबलावर ठेवलेला असेल. येताना दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट सोबत आणा. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारकांना तेही लागत नाही, कार्डाची झेरॉक्स पुरे.